आठवा सेल : एका ट्रान्समीटरच्या चार्जिंगचे प्रकरण

एप्रिल महिन्यातील एका शनिवारी दुपारी, सोलापुरातील अशोक चौक परिसरात, यंत्रमागाच्या शेडवर बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत रेडिओ कंट्रोल विमानाच्या ट्रान्समीटरमधला (विमान चालवण्याच्या हातातल्या रिमोटमधला) एक सेल चार्जिंग सुरू असताना फुटला. आग लागली नाही, कोणाला गंभीर इजा झाली नाही आणि ट्रान्समीटरही पुढे दुरुस्त झाला. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण त्यात चार्जर बिघडलेला नव्हता, विकत घेतलेले सेल बनावट नव्हते आणि ज्या मुलाच्या हातून हे घडले तो बेपर्वाही नव्हता. जानेवारीपासून त्याने ट्रान्समीटरमध्ये जे जे बदल केले, त्यातला प्रत्येक बदल वेगळा काढून पाहिला तर तो पटण्यासारखा वाटतो.

मी टेरी टॉवेलच्या मागांवरील इलेक्ट्रॉनिक जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, दुरुस्ती करतो आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर विमाने उडवतो. हा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो आणि माळावर आमच्यासोबत असतो. त्या संध्याकाळी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रान्समीटर घेऊन आला आणि म्हणाला, “काका, आतून पाणी गळतंय.” ते पाणी नव्हते, हे पिशवी उघडताच लक्षात आले. पुढे जे लिहिले आहे ते त्याने सांगितलेल्या हकिगतीवर आणि मी नंतर टेबलावर घेतलेल्या मोजमापांवर आधारलेले आहे.

संच आणि त्यात झालेले बदल

ट्रान्समीटर जुना, लांब सरकत्या अँटेनाचा, सहा चॅनेलचा आहे. जानेवारीत तो एका सीनियर विद्यार्थ्याकडून वापरलेल्या स्थितीत घेतला होता. त्यासोबत मूळ पॅक आला होता : निकेल-कॅडमियमचे आठ सेल, क्षमता ६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास), आणि भिंतीच्या सॉकेटात लावायचा एक अॅडॉप्टर, जो ५० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह देतो. हा मेळ निर्मात्याने विचारपूर्वक जमवलेला असतो. क्षमतेच्या साधारण एक दशांश किंवा त्याहून कमी प्रवाहाने चौदा ते सोळा तास चार्ज केले की निकेलचे सेल पूर्ण भरतात, आणि एखाद्या दिवशी काढायला दोन-चार तास उशीर झाला तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. अॅडॉप्टरमध्ये बुद्धी नसते, पण त्याच्याकडून मोठी चूक घडण्याइतका प्रवाहही नसतो.

पॅक मात्र संपलेला होता. ऋण टोकाची तार वेष्टणाच्या आत काळी पडली होती, आणि जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये ही खूण अनेकदा दिसते. सेलमधील क्षारीय द्रव तारेतून सरकत जातो, तांबे खातो आणि अशा तारेवर डाग (सोल्डर) बसत नाही. मुलाने पॅक काढून टाकला आणि त्या जागी आठ सेलचा स्प्रिंगवाला होल्डर बसवून त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे २००० एमएएच क्षमतेचे आठ रिचार्जेबल सेल घातले. व्होल्टेज तेच राहते, म्हणजे आठ गुणिले १.२, एकूण ९.६ व्होल्ट. इथपर्यंत काहीच चुकले नव्हते.

चुकीची सुरुवात अॅडॉप्टरपासून झाली, आणि तीही उलट्या बाजूने. तो नव्या सेलना जुन्याच अॅडॉप्टरने रात्रभर, म्हणजे सुमारे बारा तास चार्ज करीत असे. बारा तासांत ५० मिलिअँपिअरने ६०० एमएएच आत जातात, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारा भाग वजा केला तर साडेचारशेच्या आसपास हाती लागतात. २००० एमएएचचे सेल त्या अॅडॉप्टरने पूर्ण भरायचे असतील तर सुमारे छप्पन्न तास लागतील. ट्रान्समीटर जवळजवळ २०० मिलिअँपिअर घेतो. त्यामुळे दोन तासांत अलार्म वाजू लागे आणि मुलाची अशी खात्री झाली की सेल खोटे निघाले. नंतर मी त्या सेलची क्षमता प्रत्यक्ष मोजली तेव्हा सातपैकी सहा सेलनी १८०० एमएएचच्या वर दिले. सेल चांगले होते. त्यांना पोटभर कधी मिळालेच नव्हते.

या चुकीच्या निदानातून त्याने विमानाच्या बॅटऱ्यांसाठी वापरतात तसा बहुउद्देशीय चार्जर घेतला, ज्यावर सेलचा प्रकार, संख्या आणि प्रवाह निवडता येतो. तो ट्रान्समीटरच्या चार्जिंग जॅकला जोडल्यावर पडद्यावर बॅटरी जोडलेली नसल्याचा संदेश येई. याचे कारण संचातच होते. अनेक ट्रान्समीटरमध्ये जॅक आणि बॅटरी यांच्यामध्ये एक डायोड असतो, जो प्रवाह आत जाऊ देतो पण बाहेर येऊ देत नाही. त्यामुळे जॅकच्या दोन टोकांचा चुकून एकमेकांना स्पर्श झाला तरी बॅटरी शॉर्ट होत नाही आणि उलट्या ध्रुवतेची पिन लावली तरी नुकसान टळते. ही दुसरी गोष्ट वरवर वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण जॅकच्या मध्यभागी धन असावे की ऋण याबाबत सर्व कंपन्यांचे एकमत नाही. पण हाच डायोड चार्जरला बॅटरीचे व्होल्टेज वाचू देत नाही, आणि व्होल्टेज वाचता न येणारा शहाणा चार्जर सुरूच होत नाही. कोणाच्या तरी सल्ल्याने मुलाने डायोडच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला. चार्जर सुरू झाला. मार्चमध्ये तीन-चार वेळा १ अँपिअरने चार्जिंग निर्विघ्न पार पडले आणि ट्रान्समीटर प्रथमच सबंध सकाळ चालू लागला. हे यशच पुढे घातक ठरले.

डायोड गेल्याचा एक पुरावा मला नंतर दिसला. चार्जरच्या बाजूच्या बनाना पिनांवर ठिणगीने पडलेले दोन बारीक खड्डे होते. विचारल्यावर त्याने सांगितले की एकदा केबलची पिन आधी ट्रान्समीटरमध्ये घातली आणि दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या पिना एकमेकींना लागल्या. डायोड असता तर काहीच झाले नसते. केबल नेहमी आधी चार्जरला आणि मग संचाला जोडावी, काढताना नेमके उलटे करावे, हा नियम अशा ठिणगीतूनच आलेला आहे.

त्या शनिवारी

शुक्रवारी रात्री ट्रान्समीटर चुकून चालू राहिला. सकाळी तो पूर्ण मृत होता. मुलाने मल्टिमीटरने एकेक सेल तपासला. सात सेल सुमारे १.१ व्होल्ट दाखवीत होते आणि एक सेल ०.२. आठ सेल एका साखळीत असताना सर्वांची क्षमता सारखी नसते. सगळ्यात दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले सात त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, प्रसंगी त्याची ध्रुवताही उलटवतात. हा सेल मेला असे समजून मुलाने तो काढून टाकला. रविवारी उड्डाण होते, दुसरा रिचार्जेबल सेल घरात नव्हता. म्हणून त्याने भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला आणि आठव्या जागी बसवला. तो साधा अल्कलाइन सेल होता. आकार तोच, लांबी तीच, होल्डरमध्ये चपखल बसणारा. झाकण लावल्यावर आत काय आहे हे सांगणारी कोणतीही खूण बाहेर उरली नाही.

दुपारी दीडच्या सुमारास त्याने निकेल-मेटल हायड्राइड, आठ सेल, १ अँपिअर अशी निवड करून चार्जिंग सुरू केले, ट्रान्समीटर पॅकिंगसाठी रचून ठेवलेल्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि जेवायला खाली गेला. सत्तर मिनिटांनी वरून फट् असा आवाज आला. खाली माग चालू होते, तरी आईला तो ऐकू गेला, हे सुदैवच म्हणायचे. मुलाने वर जाऊन प्रथम चार्जरचा मुख्य पुरवठा बंद केला, हे त्याचे बरोबर झाले. त्यानंतर उघड्या हातांनी बॅटरीचे झाकण काढले, हे बरोबर झाले नाही. बोटांना साबणासारखा बुळबुळीत स्पर्श झाला. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण असते, आणि हा बुळबुळीतपणा म्हणजे ते कातडी विरघळवू लागल्याचे लक्षण असते. आईने त्याला नळाखाली हात बराच वेळ धुवायला लावले. अशा वेळी वाहते पाणी हाच योग्य इलाज आहे. कातडीवर लिंबू किंवा व्हिनेगर लावून रसायनशास्त्राचे प्रयोग करू नयेत. फुटताना चेहरा जवळ असता तर गोष्ट डोळ्यांपर्यंत गेली असती.

चार्जरला काय दिसत होते

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. चार्जर बंद झाला तेव्हा पडद्यावर सुमारे ११६० एमएएच आणि ११.८ व्होल्ट असे आकडे होते, असे मुलाला आठवते. यातला कोणताही आकडा संशय यावा असा नाही. निकेलचे सात सेल त्या अवस्थेत प्रत्येकी साधारण १.४ व्होल्टवर असतात, म्हणजे त्यांची बेरीज ९.८ झाली, उरलेले दोन व्होल्ट आठव्या सेलवर होते. १.५ व्होल्टच्या, पुन्हा चार्ज करण्यासाठी बनवलेल्याच नाहीत अशा बंद सेलवर दोन व्होल्ट आणि १ अँपिअर पडल्यावर आत वायू तयार होतो, त्याला परत शोषून घेण्याची पुरेशी सोय नसते आणि दाब वाढत जाऊन सील फुटते. पण चार्जरला दोन तारांमधून फक्त बेरीज दिसते. आठ निकेल सेल चार्जिंगच्या अखेरीस ११.६ व्होल्टच्या आसपास जातातच, त्यामुळे ११.८ हा आकडा त्याच्या हिशेबात बसत होता. सात सेल अजून अर्धेअधिकच भरले होते. पेन्सिल सेल फुटला नसता तर चार्जर आणखी तासभर तरी इमानेइतबारे चालू राहिला असता.

म्हणून “चार्जर ऑटो-कट आहे, तो स्वतःच थांबतो” हे उत्तर इथे लागू होत नाही. थांबण्याची खूण नेमकी काय असते हेही पाहिले पाहिजे. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज किंचित खाली येते, आणि चार्जर त्या उताराची वाट पाहतो. निकेल-कॅडमियममध्ये हा उतार प्रत्येक सेलमागे दहा ते वीस मिलिव्होल्ट असतो. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये पाचच्या आसपास. आठ सेलचे मिळून चाळीस मिलिव्होल्ट. आता होल्डरच्या स्प्रिंगांचा विचार करावा. १ अँपिअर प्रवाह वाहत असताना एखाद्या स्प्रिंगच्या स्पर्शातील रोध ०.०४ ओहमने बदलला तरी व्होल्टेज नेमके चाळीस मिलिव्होल्टने हलते. म्हणजे स्प्रिंग जरा हलली तर चार्जर वेळेआधी थांबेल, आणि खरा उतार स्प्रिंगच्या खेळात हरवला तर थांबणारच नाही. या होल्डरच्या सोळा टोकांपैकी अनेकांवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले होते. यंत्रमागाच्या घरात हे तंतू कुठे जात नाहीत असे ठिकाण नसते. जॅकार्डच्या कार्डांच्या कनेक्टरमधून मी ते आयुष्यभर काढत आलो आहे.

उष्णतेने ही खूण आणखी पुसट होते. सेल गरम असेल तर तो चार्ज कमी स्वीकारतो आणि शेवटचा उतार आणखी उथळ होतो. पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत, त्याच वेळी मी थर्मामीटर ठेवला तेव्हा पारा ४६ अंशांवर होता. बहुतेक सेलवर चार्जिंगसाठी ४० ते ४५ अंशांची वरची मर्यादा दिलेली असते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची खोली ही मर्यादा चार्जर सुरू करण्यापूर्वीच ओलांडते. आणि तिथे टॉवेलचे गठ्ठे होते. या घटनेत जे खरोखर भयंकर होऊ शकले असते ते इथे होते. ट्रान्समीटर मऊ कापडात बुडाला की त्याची उष्णता बाहेर जात नाही, आणि ठिणगी पडलीच तर खाली तंतू, वर तंतू आणि जिन्याखाली चालू माग.

चार्जरमध्ये आणखी एक राखण होती, जी निरुपयोगी अवस्थेत होती. किती एमएएच आत गेल्यावर काही झाले तरी थांबायचे, ही मर्यादा कारखान्यातून आलेल्या सेटिंगप्रमाणे ५००० होती. २००० एमएएचच्या सेलसाठी ती २५०० ते २८०० च्या दरम्यान असायला हवी होती. या प्रकरणात तिनेही फुटणे टळले नसते, हे कबूल केले पाहिजे. सेल ११६० वरच फुटला. आठव्या जागी काय आहे हे जाणणारी एकच गोष्ट त्या घरात होती, आणि ती खाली जेवत होती.

दुरुस्ती

डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे घालून सेल काढले. बोर्डावर पडलेला क्षार कापसाच्या बोळ्याने पांढरे व्हिनेगर लावून निष्प्रभ केला, मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने धुतले आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन दिवस वाळवले. दोन ट्रॅक हिरवे पडले होते, त्यांना समांतर तार जोडली. विमान वळवण्याच्या काड्यांखालचे पोटेन्शिओमीटर बचावले. डायोडवरचा तुकडा काढून टाकला आणि डायोड पूर्ववत केला. याबद्दल मुलाने वाद घातला, आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता : डायोड असेल तर नवा चार्जर जॅकमधून चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच होते की मग जॅकमधून तो चालवूच नये.

होल्डर फेकून दिला. त्याऐवजी स्वतःहून कमी उतरणारे आठ नवे निकेल-मेटल हायड्राइड सेल, एकाच दिवशी एकाच पाकिटातून घेतलेले, पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेले असे निवडले आणि त्या पट्ट्यांना डाग देऊन पॅक बनवला. सेलच्या टोपीवर थेट डाग देऊ नये. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने धन टोकाखालचे सील आणि सुरक्षा-झडप खराब होते. अशा प्रकारचे सेल २००५ मध्ये सान्योच्या एनेलूपमुळे बाजारात आले. साधे निकेल-मेटल हायड्राइड सेल महिनाभरात वीस-तीस टक्के उतरतात, त्यामुळे दर शनिवारी घाईने चार्ज करण्याची पाळी येते. हे सेल कित्येक महिने चार्ज धरून ठेवतात. घाई कमी करणे हाही सुरक्षेचाच भाग आहे, असे मला या प्रकरणानंतर अधिक वाटू लागले.

पॅकला वेगळा कनेक्टर आहे. पॅक ट्रान्समीटरमधून बाहेर काढून खालच्या मजल्यावर, कडप्प्याच्या ओट्यावर, २०० मिलिअँपिअरने चौदा तास चार्ज होतो. इतक्या कमी प्रवाहावर उताराची खूण ओळखू येत नाही, म्हणून चार्जरवर वेळेची आणि २८०० एमएएचची मर्यादा घातली आहे. मधे लाईट गेली तर तास पुन्हा शून्यापासून मोजायचे नाहीत, उरलेलेच द्यायचे. यासाठी ओट्याशेजारी एक वही टांगली आहे. मृत समजून काढलेला सेलही मी वेगळ्या चार्जरवर हळू भरला. तीन फेऱ्यांनंतर त्याने १४८० एमएएच दिले. विमानाच्या कामाला तो घेणार नाही, पण त्याच्या जागी घड्याळाचा सेल बसवावा इतका तो मेलेला खचितच नव्हता.

लिथियमविषयी त्याचा प्रश्न

दुरुस्ती चालू असताना त्याने विचारले, “काका, मग सरळ थ्री-एसचा लिपोच टाकला तर?” पूर्ण भरलेला तीन सेलचा लिथियम-पॉलिमर १२.६ व्होल्ट देतो. हा संच आठ साध्या सेलवरही चालेल असे त्याच्या पुस्तिकेत आहे आणि नवे आठ साधे सेल बारा व्होल्टच्या वरच असतात. तेव्हा तेवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. अडचण खालच्या टोकाला आहे. पॉवर सप्लायवर तपासले तेव्हा याचा अलार्म ८.६ व्होल्टला वाजला. तीन सेलमध्ये वाटले तर प्रत्येकी २.८७ व्होल्ट होतात, आणि लिपो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. म्हणजे निकेलसाठी ठरवलेला अलार्म लिपो खराब झाल्यानंतर वाजेल. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे तीन सेल व्होल्टेजच्या दृष्टीने अधिक जुळतात, पण त्यांचे व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहून एकदम कोसळते. अलार्म वाजल्यावर विमान उतरवायला फार वेळ मिळत नाही.

चार्जिंगच्या बाजूने तर आक्षेप अधिक गंभीर आहे. जॅकमध्ये दोनच तारा असतात आणि लिथियमच्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे पाहावे लागते. बेरजेत आठवा सेल जसा लपला, तसाच एखादा भरून वाहणारा लिथियम सेल तीनच्या बेरजेत लपेल, आणि तो नुसता गळून थांबणार नाही. त्यातच चार्जर चुकून निकेलच्या सेटिंगवर राहिला तर तो कधीही न येणाऱ्या उताराची वाट पाहत ४.२ व्होल्टची हद्द ओलांडून प्रवाह देत राहील. आजचे अनेक ट्रान्समीटर लिथियमवर चालतात आणि यूएसबीतून चार्ज होतात. त्यांच्या आत त्यासाठीचे सर्किट बसवलेले असते, म्हणून त्यांचा दाखला या जुन्या संचाला लावता येत नाही. मुलाने निकेलच कायम ठेवले.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी माळावर अँटेना पूर्ण मिटवून तीसेक पावलांपर्यंत रेंज तपासली; काड्या आणि सर्व्हो (विमानातल्या, काड्यांप्रमाणे हलणाऱ्या छोट्या मोटरी) यांच्यात कुठेही अडखळ दिसली नाही, तेव्हाच विमान हवेत सोडले. जुलैअखेर पॅकची क्षमता पुन्हा मोजली. ४०० मिलिअँपिअरने रिकामा करताना त्याने १९३० एमएएच दिले आणि आठही सेल विसाव्यानंतर एकमेकांपासून ०.०२ व्होल्टच्या आत होते. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मुलाने पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर सेलचा प्रकार, क्षमता, बसवल्याची तारीख, “२०० मिलिअँपिअर, १४ तास” आणि त्याखाली आईच्या अक्षरात “वरच्या खोलीत नाही” असे लिहिलेले आहे.